होम वॉरंटी घ्यावी की नाही? (प्लेनो, टेक्सास; २००४ चे घर)

नवे_बिऱ्हाड | १९ मे २०२५

नमस्कार मंडळी.

दहा वर्षे भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये काढल्यावर आम्ही प्लेनोमध्ये पहिले घर घेत आहोत. घर २००४ मध्ये बांधलेले, दुमजली आहे. क्लोजिंग (व्यवहार पूर्ण होऊन घर नावावर होणे) १२ जूनला आहे आणि ऑप्शन पिरियडचे, म्हणजे करार रद्द करण्याची मुभा असलेल्या मुदतीचे, सहा दिवस उरले आहेत. आमच्या रिअल्टरने (घराच्या एजंटने) एका कंपनीची होम वॉरंटी, म्हणजे घरातली यंत्रे बिघडल्यास दुरुस्तीचा वार्षिक करार, सुचवली आहे. वर्षाला ७४५ डॉलर, आणि दर वेळी माणूस घरी आला की त्याचे १०० डॉलर वेगळे. ७४५ पैकी ६०० डॉलर विक्रेता द्यायला तयार आहे.

इन्स्पेक्शनच्या अहवालाप्रमाणे खालच्या मजल्याचा एसी २०१९ चा आहे, वरच्या मजल्याचा २००८ चा आहे, माळ्यावरचा गॅसचा वॉटर हीटर २०१५ चा आहे आणि डिशवॉशर २०१८ चा आहे. फ्रिज विक्रेता घेऊन जाणार आहे. वरचा एसी "चालू स्थितीत, परंतु आयुष्याच्या अखेरीस" असा शेरा आहे आणि त्यासोबत बाहेरच्या युनिटच्या गंजलेल्या पत्र्याचे छायाचित्रही आहे.

यजमानांचे म्हणणे असे की घराला एवढे पैसे मोजले, तर शे-दीडशे डॉलर पदरचे घालून वर्षभर निर्धास्त राहावे. मला मात्र कोणी इतक्या आग्रहाने एखादी गोष्ट सुचवू लागले की शंका येते. ज्यांनी ही वॉरंटी घेतली, वापरली किंवा विचार करून नाकारली, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

जुना_प्लेनोकर | १९ मे २०२५

ताई, सर्वप्रथम नावातला घोटाळा दूर करतो. वस्तूच्या किमतीत अंतर्भूत असते ती वॉरंटी. वेगळे पैसे मोजून घेतो तो सेवा-करार असतो, आणि अमेरिकेच्या १९७५ च्या वॉरंटी कायद्यातही हा भेद केलेला आहे. घराच्या विम्याशीही याचा संबंध नाही, कारण विमा आग, गारपीट, अचानक फुटलेला पाइप अशा आपत्तींसाठी असतो आणि वापरून झिजलेल्या यंत्राकडे तो ढुंकूनही पाहत नाही. भारतात आपण पाण्याच्या फिल्टरची एएमसी घेतो, तिचा मोठा भाऊ म्हणजे ही होम वॉरंटी. फरक इतकाच की एएमसीवाला वर्षातून दोनदा स्वतःहून येऊन फिल्टर बदलतो, तर येथे काही बिघडल्याखेरीज कोणी फिरकत नाही आणि नियमित देखभाल आपणच करायची असते.

आता माझा अनुभव सांगतो. कंपनीचे नाव घेत नाही, कारण इतरांच्या तक्रारी ऐकल्यावर सगळ्या एकाच माळेचे मणी वाटतात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, बाहेर १०५ अंश फॅरनहाइट असताना, आमच्या वरच्या मजल्याचा एसी बंद पडला. शुक्रवारी दुपारी तक्रार नोंदवली आणि सोमवारी संध्याकाळी माणूस आला. मधले तीन दिवस आम्ही चौघे खालच्या दिवाणखान्यात गाद्या टाकून झोपलो. माणूस कंपनीने पाठवलेला होता, आपल्या पसंतीचा आणता येत नाही. त्याने कम्प्रेसर गेल्याचे सांगितले आणि कंपनीने चार दिवसांनी दावा मंजूर केला. आम्हाला वाटले, जिंकलो.

त्यानंतर दोन पानी कागद आला. बाहेरचे युनिट कंपनी देणार होती. मात्र एसीतला थंडावा देणारा जुना वायू काढून घेण्याचे पैसे वेगळे, नव्या युनिटला जुळणाऱ्या तांब्याच्या नळ्या वेगळ्या, खालचा सिमेंटचा चौथरा वेगळा, शहराचे परमिट वेगळे आणि जुने धूड उचलून नेण्याचेही वेगळे. कराराच्या भाषेत याला "समाविष्ट नसलेले खर्च" म्हणतात, आणि ते सारे मिळून २,९०० डॉलर झाले. हे मान्य नसेल तर रोख १,४०० डॉलर घ्या आणि तुमचे तुम्ही पाहा, असा दुसरा पर्याय होता. ती रोख रक्कम बाजारभावाने ठरत नाही. कंपनीला घाऊक दराने जो खर्च आला असता त्यावरून ती ठरते, हे मला तेव्हा प्रथम कळले. आम्ही रोख घेतली आणि बाहेरच्या कंत्राटदाराकडून संपूर्ण सिस्टीम ९,८०० डॉलरला बसवली.

तीन वर्षांचे वर्गणीचे पैसे आणि भेटींचे शुल्क धरले तर मी कंपनीला सुमारे २,४०० डॉलर दिले होते. त्यानंतर कानाला खडा लावला.

---

सुटे_पैसे | १९ मे २०२५

आम्ही अकरा वर्षांत एकदाही घेतली नाही. पहिल्या महिन्यापासून ६० डॉलर वेगळ्या खात्यात टाकत आलो, नंतर ते १०० केले. आतापर्यंत वॉटर हीटर बदलला (१,७०० डॉलर), गॅरेजच्या दाराची स्प्रिंग तुटली, डिस्पोझल (सिंकखालचे खरकटे दळणारे यंत्र) दोनदा बदलले आणि एसीचा कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला वीज पुरवणारा भाग) तीनदा गेला.

कपॅसिटरची गोष्ट आवर्जून सांगतो. शीतपेयाच्या डब्याएवढा अॅल्युमिनियमचा नळकांडा असतो आणि खराब झाला की त्याचे सपाट झाकण फुगलेल्या पुरीसारखे वर येते. तो भाग दुकानात पंचवीसेक डॉलरला मिळतो. टेक्निशियन बसवण्याचे दीडशे ते तीनशे घेतो. (त्यात वीज साठलेली राहते, त्यामुळे माहिती नसल्यास हात लावू नये.) टेक्सासच्या उन्हाळ्यात एसी बंद पडण्याचे हे फार नेहमीचे कारण आहे. असल्या दुरुस्तीसाठी वर्षाला ७४५ भरून वर १०० डॉलर देणे मला तरी पटत नाही.

अर्थात, खात्यात शिल्लक साठायच्या आधीच मोठा खर्च अंगावर आला तर हा हिशेब कोलमडतो, हे मान्य करतो. आमच्या बाबतीत तसे झाले नाही, यात नशिबाचाही भाग आहे.

---

मंजिरी_सिअॅटल | २० मे २०२५

वरच्या दोघांशी पूर्ण सहमत नाही. आमचे ह्यूस्टनला भाड्याने दिलेले एक घर आहे आणि आम्ही राहतो सिअॅटलला. भाडेकरूचा रात्री फोन आला की नळ गळतो आहे, तर मी येथून कोणाला शोधू? होम वॉरंटीच्या संकेतस्थळावर तक्रार टाकते, शुल्क भरते, आणि दोन-तीन दिवसांत कोणीतरी परवानाधारक माणूस दारात उभा राहतो. चार वर्षांत मी नऊ वेळा बोलावले. त्यांपैकी सात वेळा काम झाले, एकदा दावा नाकारला गेला आणि एकदा माणूसच आला नाही. पैशांत पाहिले तर मी किंचित तोट्यात असेन, परंतु मी दुरुस्तीसोबत घरगडीही विकत घेते आहे, असे समजते.

माझ्या एक परिचित सत्तरीच्या आहेत आणि यजमान गेल्यावर एकट्याच राहतात. प्लंबरने अवाच्या सवा पैसे सांगितले तर घासाघीस करणे त्यांना जमत नाही. त्यांनाही मी घ्यायलाच सांगितले. ताई, तुमच्या घरी कोणी पाना-पक्कड हातात धरणारे आहे का, हाही प्रश्न स्वतःला विचारा.

---

नवे_बिऱ्हाड | २० मे २०२५

सर्वांचे आभार. पाना-पक्कड धरणारे कोणी नाही. यजमान बल्ब बदलतानाही आधी व्हिडिओ पाहतात.

काल रात्री माहितीपत्रक बाजूला ठेवून प्रत्यक्ष कराराची एकवीस पाने वाचली. पहिल्या पानावर "एसी आणि फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) समाविष्ट" असे ठळक लिहिले आहे. अकराव्या पानावर त्याच एसीसाठी वर्षाला कमाल २,००० डॉलरची मर्यादा आहे. वायू भरण्यासाठी पौंडामागे १० डॉलरच मिळतील. काँक्रीटखालच्या पाइपापर्यंत पोहोचण्यासाठी ५०० डॉलरची मर्यादा आहे आणि घराच्या पायाचा तर उल्लेखच नाही. करार सुरू होण्यापूर्वी अस्तित्वात असलेला दोष वगळला आहे, आणि पुढे "ज्ञात किंवा अज्ञात" असे शब्द आहेत. अज्ञात दोष मी करारापूर्वी कसा ओळखावा? इन्स्पेक्टरने आमच्या वरच्या एसीवर शेरा मारला आहे. तो अहवालच आमच्याविरुद्ध पुरावा ठरेल का?

---

गारवा | २० मे २०२५

एसीच्या व्यवसायात मी अठरा वर्षे आहे, सध्या प्लेनोजवळच्या मॅकिनीमध्ये. होम वॉरंटी कंपन्यांची कामे मी पूर्वी घेत असे आणि नंतर सोडली. कारण साधे आहे. त्या कंपन्या कंत्राटदाराला दर भेटीचे इतके कमी पैसे देतात की ऐन हंगामात चांगला माणूस आधी स्वतःची गिऱ्हाइके उरकतो आणि मग तुमच्याकडे येतो. प्लेनोकरांचे तीन दिवस त्यातच गेले असणार.

आता तुमच्या २००८ च्या युनिटविषयी. ते बहुधा आर-२२ वायूवरचे असेल, बाहेरच्या युनिटच्या पत्र्यावरील लेबल वाचून खात्री करा. त्या वायूचे अमेरिकेतील उत्पादन आणि आयात १ जानेवारी २०२० पासून बंद आहे. आता फक्त जुना साठा आणि शुद्ध करून पुन्हा वापरलेला वायू मिळतो, आणि गेल्या महिन्यात मी एका गिऱ्हाइकाला पौंडामागे १४० डॉलर लावले. तुमच्या करारात पौंडामागे १० डॉलर आहेत. एवढ्या आकाराच्या यंत्रात सहा-आठ पौंड वायू सहज असतो, तेव्हा गुणाकार तुम्हीच करा.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. आर-२२ चे बाहेरचे युनिट गेले तर त्याच्या जागी नवे तसेच मिळत नाही. त्यानंतर आलेल्या आर-४१०ए वायूच्या घरगुती यंत्रांचे उत्पादनही १ जानेवारी २०२५ पासून थांबले आहे आणि आता आर-४५४बी किंवा आर-३२ वरची यंत्रे येतात. शिवाय २०२३ पासून दक्षिणेकडील राज्यांत किमान कार्यक्षमतेचा आकडा वाढला आहे. याचा अर्थ असा की बाहेरचे युनिट बदलले की माळ्यावरची कॉइलही (हवा थंड करणारा नळ्यांचा संच) बदलावी लागते, पुष्कळदा नळ्या आणि हवा नेणाऱ्या डक्टचा जोडही बदलावा लागतो. कंपनी म्हणणार, बिघडले ते बाहेरचे युनिट, बाकीचा "बदल" तुमचा. या "समाविष्ट नसलेल्या खर्चा"तच सगळी मेख आहे. तुमच्या वरच्या एसीच्या भरवशावर ही वॉरंटी घेत असाल, तर घेऊ नका.

अहवालाबद्दल: हो, "आयुष्याच्या अखेरीस" हा शेरा कंपनी तुमच्यावर उलटवू शकते. परंतु त्याच अहवालात "चालू स्थितीत" हे शब्दही आहेत, आणि त्या दिवशी मोजलेले आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान नोंदलेले असेल तर ते पान सोन्याच्या मोलाचे आहे. दावा नाकारला तर कारण लेखी मागा आणि ते पान जोडा. देखभालीचा अभाव हे नाकारण्याचे दुसरे आवडते कारण असते, म्हणून वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करून पावती ठेवा आणि फिल्टर बदलताना मोबाइलवर एक छायाचित्र काढा.

जाता जाता एक गोष्ट, वॉरंटी घ्या अथवा न घ्या. आपल्या भागात एसीची कॉइल माळ्यावर असते आणि तिच्याखाली एक जादा तबक असते. त्या तबकाची नळी बहुतेक घरांत मुद्दाम एखाद्या खिडकीच्या बरोबर वर काढलेली असते. तेथून पाणी ठिबकताना दिसले, तर मुख्य नळी तुंबली आहे असे समजावे. लोक महिनोन्महिने ते थेंब पाहतात, एसीचेच पाणी म्हणून सोडून देतात, आणि एके दिवशी छत खाली येते. आणि ते नुकसान हळूहळू होत आले होते, असे म्हणून विमा कंपनीही हात वर करते.

---

एडिसनवासी | २१ मे २०२५

धाग्यात नवे घर घेणारेही येतील, म्हणून थोडे लिहितो. नव्या घराला बिल्डरची वॉरंटी असते ती वेगळी, तिच्याशी याची गल्लत करू नये. न्यू जर्सीत १९७७ चा कायदाच आहे. बांधकामातील कारागिरीला एक वर्ष, प्लंबिंग, वीज व यांत्रिक व्यवस्थेला दोन वर्षे आणि मोठ्या संरचनात्मक दोषाला दहा वर्षे. आम्हाला नव्या टाउनहाउससोबत कोणीतरी होम वॉरंटीही गळ्यात मारू पाहत होते. सगळ्या यंत्रांना उत्पादकाचीच वॉरंटी असताना ती कशाला? उलट एसी उत्पादकाच्या संकेतस्थळावर नोंदवून घ्या. अनेक उत्पादक साठ किंवा नव्वद दिवसांत नोंदणी केल्यासच सुट्या भागांची वॉरंटी दहा वर्षांची करतात.

---

पुणेरी_परतलेला | २१ मे २०२५

अवांतर होईल, तरी एक वाक्य. इकडे भारतात रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष बिल्डरने तीस दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करायचा असतो, त्यामुळे तिकडून येथे फ्लॅट घेणाऱ्यांनी तारखेसह लेखी तक्रार द्यावी, तोंडी नव्हे. बाकी जुन्या घराच्या एसीला येथे गल्लीतला मेकॅनिकच वॉरंटी आहे.

---

जुना_प्लेनोकर | २१ मे २०२५

दोन गोष्टी राहून गेल्या.

टेक्सासच्या प्रमाणित खरेदी-करारात परिच्छेद ७ मध्ये निवासी सेवा-कराराचे कलम आहे. विक्रेता किती रकमेपर्यंत भरपाई देईल, ती जागा तेथे भरायची असते. त्याच कलमात ही खरेदी ऐच्छिक आहे आणि असे संरक्षण इतर अधिकृत कंपन्यांकडूनही मिळू शकते, असे नमूद केलेले आहे. रिअल्टरने सुचवलेलीच कंपनी घ्यायचे बंधन नाही. त्यांना त्या कंपनीकडून काही मानधन मिळते का, हे सरळ विचारा. विचारण्यात काही गैर नाही आणि प्रामाणिक माणूस सांगतोही.

दुसरे, तक्रार करायची वेळ आल्यास टेक्सासमध्ये २०२१ पासून या कंपन्या राज्याच्या परवाना व नियमन विभागाकडे आहेत. आधी त्या रिअल इस्टेट कमिशनच्या अखत्यारीत होत्या, त्यामुळे जुन्या लेखांतील पत्ता उपयोगाचा नाही. कॅलिफोर्नियावाल्यांनी आपल्या विमा विभागाकडे जावे.

आणि क्लोजिंगनंतर टपालपेटीकडे लक्ष असू द्या. घराची नोंद सार्वजनिक असल्यामुळे महिन्याभरात पिवळ्या-गुलाबी कागदांवर "अंतिम सूचना" येऊ लागतात. त्यावर तुमच्या कर्ज देणाऱ्या बँकेचे नाव असते, काउंटीच्या (जिल्हा प्रशासनाच्या) पत्रासारखा ठसा असतो आणि तुमची वॉरंटी संपत असल्याचा इशारा असतो. आमच्याकडे सहा आली. अगदी खालच्या ओळीत, बारीक अक्षरांत, आमचा बँकेशी संबंध नाही असे लिहिलेले होते.

---

मंजिरी_सिअॅटल | २१ मे २०२५

घराच्या विमा कंपनीला "इक्विपमेंट ब्रेकडाउन" हे जोडकलम आहे का, तेही विचारा. आम्हाला वर्षाला पन्नास डॉलरच्या आत पडते. झिजेमुळे झालेला बिघाड त्यात येत नाही, परंतु विजेच्या झटक्याने यंत्र जळाले तर येतो.

---

नवे_बिऱ्हाड | २६ मे २०२५

काय ठरवले ते कळवते. गारवा यांचा प्रतिसाद वाचल्यावर वरच्या युनिटचे लेबल पाहून आले. आर-२२ च निघाले. मग एका कंत्राटदाराकडून संपूर्ण वरच्या सिस्टीमचे अंदाजपत्रक मागवले, ते १०,४०० डॉलरचे आले. तो कागद जोडून ऑप्शन पिरियड संपण्याच्या आदल्या दिवशी आम्ही विक्रेत्याकडे नवा एसी किंवा ६,००० डॉलर मागितले. एसी द्यायला तो नाही म्हणाला. बरीच ओढाताण होऊन क्लोजिंगच्या खर्चात ३,५०० डॉलर द्यायला कबूल झाला.

वॉरंटीचे ६०० डॉलर त्याने रोख द्यायला नकार दिला. ते वॉरंटीपुरतेच होते, तेव्हा सोडून देण्यात अर्थ नव्हता. रिअल्टरने सुचवलेली न घेता दुसऱ्या कंपनीची ५९० डॉलरची योजना घेतली. क्लोजिंगसोबत घेतल्यामुळे एरवीची तीस दिवसांची प्रतीक्षाही नाही. यजमान खूश आहेत की वॉरंटी घेतली, आणि मी खूश आहे की आमचे पैसे गेले नाहीत. तिचे नूतनीकरण आपोआप होते, म्हणून कॅलेंडरवर १० मे २०२६ ला लाल खूण केली आहे.

---

नवे_बिऱ्हाड | ४ ऑक्टोबर २०२५

पुढचा वृत्तांत. चार महिन्यांत एकदाच बोलावले. वॉटर हीटरची ज्योत टिकत नव्हती. माणूस दुसऱ्याच दिवशी आला, माळ्यावर चढला, अर्ध्या तासात थर्मोकपल बदलून आणि आमचे १०० डॉलर घेऊन गेला. कंपनीने एका शब्दाने वाद घातला नाही. बाहेरून केले असते तर दोनशेच्या आसपास गेले असते, असे शेजारी म्हणाले. पिवळी-गुलाबी पत्रे आजवर चार आली.

वरच्या एसीने उन्हाळा काढला, मात्र ऑगस्टमध्ये दिवसभर चालूनही वरच्या खोल्या ७९ अंशांच्या खाली आल्या नाहीत. कंपनीला बोलावले नाही, कारण पौंडामागे १० डॉलरवाले कलम याही करारात शब्दशः तेच आहे. ३,५०० डॉलर वेगळ्या खात्यात आहेत, त्यात सुटे_पैसे यांच्याप्रमाणे महिन्याला १५० टाकते आहे आणि बाकीच्यासाठी थोडी पदरमोड करू. जानेवारी-फेब्रुवारीत, कंत्राटदारांना काम कमी असते तेव्हा, वरची सिस्टीम बदलायचा विचार आहे. प्लेनो-अॅलन भागातील चांगला कंत्राटदार कोणाला ठाऊक असल्यास कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा. गारवा, आपण मॅकिनीहून प्लेनोपर्यंत येता का?